उदारमतवाद वाचायला घेताना

भाऊ, उदारमतवाद म्हणजे व्यक्तीचं स्वातंत्र्य आधी मानणारा विचार; त्याच्या व्याख्या पाठ करत बसू नकोस. आधी ४ नोव्हेंबर १९४८चं बाबासाहेबांचं संविधान सभेतलं भाषण वाच. संविधानाच्या मसुद्याने गाव टाकून व्यक्ती हा घटक धरला, याचा आनंद ते तिथे उघड बोलून दाखवतात. मग इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलचं १८५९चं 'ऑन लिबर्टी' हे पुस्तक; दुसरं प्रकरण दोनदा.

अमळनेरकडे आमच्या गावात पारावर एकदा 'सगळ्यांची संमती' लिहून झाली. ओट्यावरची एक म्हातारी पदर सावरत उठली, "मन्हं नाव त्यात लिखू नका." लोक हसले. मी गप्प बसलो, ते अजून सलतं. साऱ्या मानवजातीलाही एकट्याचं तोंड बंद करायचा हक्क नाही, असं मिल म्हणतो, तिथे पोचलास की तिला आठव.

माझी प्रत घेऊन जा. समासातलं माझं पेन्सिलीचं खोडून स्वतःचं लिही.