आक्का हा शब्द एकदाच

प्रिय,

बहीण-भावाच्या अबोल्यावरच्या तुझ्या लघुपटाची संहिता वाचली. २२ पानं आहेत. एका पानाला एक मिनिट हा सर्वसाधारण हिशेब अबोल्याला लागू पडत नाही. ‘ती उंबऱ्यापाशी थांबते, तो जागचा हलत नाही’ या एका ओळीला पडद्यावर वीस सेकंद सहज जातात. म्हणजे तुझी २२ पानं २७-२८ मिनिटांची होतील, आणि विषयाचा जीव बारा मिनिटांचा आहे. ९ पानांवर ये. काय काढायचं आणि काय वाढवायचं, ते सांगतो.

सगळ्यात आधी रुग्णालय काढ. आई अत्यवस्थ आहे म्हणून सहा वर्षं न बोललेली भावंडं अतिदक्षता विभागाबाहेर भेटतात, रडतात, मिठी मारतात. इथे सगळं काम आजार करतो, माणसांना काहीच करावं लागत नाही. शिवाय आई बरी झाल्यावर दोघं पुन्हा तिथेच येतील, हे प्रेक्षकाला कळतं. दोघांना एका छपराखाली आणायला व्यवहाराचं कारण शोध, आणि ते तुझ्याच कथेत दडलेलं आहे.

तू फक्त ‘जमिनीवरून वाद’ एवढंच लिहिलं आहेस. किती जमीन, कुणाच्या नावावर, कोणत्या कागदावर सही, हे ठरव. पात्रांना हे आकडे पाठ असतात. अशा घरांत भांडण आकड्यांतच होतं. समज, वडिलांची ६० गुंठे जमीन, मृत्युपत्र नाही, मागे आई, मुलगा आणि मुलगी. प्रत्येकी २० गुंठे. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. तरीही वडिलांचे दिवस-कार्य आटोपताच बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवलं जातं. तिने दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन, दोन साक्षीदारांसमोर सही केली आणि आपले २० गुंठे भावाला दिले. तुझ्या कथेतला अबोला तिथून सुरू होतो. सही करण्याचं तिला फारसं दुःख नव्हतं. तिला कुणी विचारलंच नाही, कागद तयार करूनच आणला, हे तिला लागलं. हा बारकावा तुझ्या संहितेत चौथ्या पानावर एका वाक्यात येऊन गेला आहे. तो चित्रपटाचा कणा आहे, त्याला जागा दे.

आता पुढचं बघ. सहा वर्षांनी आई जाते. आईचे २० गुंठे अजून सातबाऱ्यावर आईच्याच नावाने आहेत. जुन्या कागदात बहिणीने स्वतःचा हिस्सा सोडला होता. आईच्या हिश्श्यात तिचे १० गुंठे नव्याने उभे राहतात. वारस नोंदीच्या अर्जात तिचं नाव द्यावंच लागतं. अर्ज गेला की फेरफाराची नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. भावाला सगळी जमीन स्वतःच्या नावावर हवी असेल, तर त्याला पुन्हा तिच्याच सहीची गरज आहे. या खेपेला विचारावं लागणार आहे. कथेला घड्याळ मिळालं, दोघांच्या मनात वेगवेगळी गरज आली, आणि आईला पडद्यावर मारायचीही वेळ आली नाही. चित्रपट सुरू होतो तेव्हा आईला जाऊन महिना झालेला असू दे. बहीण भांड्यांची वाटणी करायला आणि कागदाबद्दल बोलायला एक दिवसासाठी आली आहे. संध्याकाळच्या एस.टी.ने ती परत जाणार.

शेवटी ती सही करते की नाही, हे दाखवू नकोस. तुझ्या खर्ड्यात ती मिठीनंतर हसत सही करते. तसं केलंस, तर चित्रपट नकळत असं सांगतो की चांगली बहीण हिस्सा सोडते. गावोगावी बायकांना हेच ऐकवलं जातं, आणि तुझ्या हातून ते पुन्हा ऐकवलं जाऊ नये असं मनापासून वाटतं. समेट वेगळा आणि हक्क वेगळा. दोन्ही एकाच प्रवेशात मिटवलेस तर दोन्ही खोटे वाटतील.

आता भाषेकडे. इथे जरा थांबतो, कारण तुझ्या संवादांत अबोलाच नाही. दोघं पहिल्याच प्रवेशात एकमेकांवर ओरडतात. मराठी घरातला अबोला कसा चालतो, हे आठवून बघ. लहान मुलाला मध्ये घालतात: ‘आत्याला विचार, जेवून जाणार का.’ आत्या समोरच बसलेली असते. किंवा हवेला उद्देशून बोलतात: ‘चहा झालाय, कुणाला हवा असेल तर.’ आणि आपल्या क्रियापदांत पळवाटा आहेत. ‘चहा घेतेस का?’ यात समोरचं माणूस आहे. ‘चहा घ्यायचा का?’ यात कुणीच नाही. भावाचे सगळे संवाद पहिली नऊ मिनिटं याच रूपात लिही: ‘निघायचं कधी?’, ‘हे न्यायचं की ठेवायचं?’ कागदाचा विषय निघतो तेव्हा एकदाच तो ‘तुम्ही’ म्हणू दे. ‘तुम्ही म्हणाल तसं.’ लहानपणापासून ‘तू’ म्हणणाऱ्या भावाच्या तोंडी तो आदर चपराकीसारखा लागेल. बहिणीने त्यावर काही बोलू नये, हातातलं भांडं खाली ठेवावं, एवढंच.

मग कळस कशाचा? हाकेचा. तुझ्या संहितेत भाऊ तिला ‘ताई’ म्हणतो, वहिनीही ‘ताई’ म्हणते, शेजारीण पण ‘ताई’च म्हणते. शब्द झिजून गेला. गाव सातारा-सांगलीकडचं आहे ना? मग भावाची हाक ‘आक्का’ असू दे. वहिनी ‘ताई’ म्हणेल, पोर ‘आत्या’ म्हणेल, ‘आक्का’ म्हणणारा जगात तो एकटा. आणि तो शब्द संपूर्ण चित्रपटात एकदाच, दहाव्या मिनिटाच्या पुढे येईल. त्या वाक्यात माफी नको, आठवण नको. ‘आक्का, डबा राहिला.’ एवढंच वाक्य. ती पिशवी घेऊन उंबऱ्याबाहेर पडलेली आहे. आईचं नाव घातलेला पितळी डबा तिनेच मुद्दाम भावाच्या ढिगात ठेवला होता, आणि हे त्याने दुपारी पाहिलं होतं. दुपारचा तो क्षण न चुकता दाखव, नाहीतर शेवटचा डबा आकाशातून पडल्यासारखा वाटेल.

डबा खरा जुना घे. त्यावरचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं असतं, ते जवळच्या चित्रात दिसलं पाहिजे. चिंचेने घासून लखलखीत केलास तर दिव्याचं प्रतिबिंब पडून अक्षरं वाचता येणार नाहीत. मळकाच ठेव आणि उजेड एका बाजूने, तिरका पाड.

वहिनीला खलनायिका करू नकोस. सहा वर्षं सासूचं दुखणं तिने काढलं आहे, हा तिचा हिशेब, आणि तो खरा आहे. तिला एकच मोठा संवाद दे, तोही भांडी पुसता पुसता.

वाचनापेक्षा तालमी महत्त्वाच्या. तीन पुरेत. पहिली टेबलावर. दुसरी संवादांशिवाय: दोघांना खरी भांडी दे, दोन ढीग करायला सांग, वीस मिनिटं बोलायचं नाही. कोण कुणाच्या हाताला हात लागू देत नाही, कोण आधी उठतं, ते लिहून घे; निम्म्या हालचाली तिथेच मिळतील. तिसरी प्रत्यक्ष जागेवर. कलाकार नाटकातून आलेले असतील तर त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला सरावलेला असतो. त्यांना ‘हळू बोला’ म्हणून उपयोग होत नाही, आवाज दबतो आणि भाव जातो. समोरच्या माणसाला हातभर अंतरावर बसव आणि त्याच्यापुरतं बोलायला सांग. ‘आक्का’ हा शब्द मात्र एकाही तालमीत उच्चारू देऊ नकोस. आणि चित्रीकरणात सातत्य पाहणाऱ्या सहायकाला एक जास्तीचं काम दे: कलाकाराच्या तोंडून सवयीने कुठेही ‘आक्का’ निसटलं तर तो टेक बाद. हे हमखास घडतं, कारण भावाचं काम करणारा नट मनातून हाक मारतच असतो.

दोन दिवसांत चित्रीकरण होईल, दिवसाला साडेचार-पाच पानं. जमेल तितकं कथेच्या क्रमाने घे. शेवटचा प्रवेश दुसऱ्या दिवसाच्या अखेरीला, सगळे थकल्यावर नको. तुला संध्याकाळचाच उजेड हवा असेल, तर दुपारनंतर दुसरं काहीही ठेवू नकोस.

कॅमेऱ्याबाबत एकच आग्रह. अबोला असेपर्यंत दोघांना एकाच चौकटीत ठेव. अंतर दिसायला त्याची दोन्ही टोकं दिसावी लागतात. एकेकट्याचे चेहरे आलटूनपालटून दाखवलेस, तर दोघांतली ती आठ फुटांची फरशी गायब होते. दाराची चौकट, मधला खांब, भांड्यांचे ढीग यांनी चित्राचे दोन भाग पाड. दहा-बारा फुटांच्या खोलीत फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ३५ मिमी भिंग पुरतं. तीन मीटरवरून जवळजवळ तेवढीच रुंदी त्यात मावते. २४ मिमी लावलंस तर कडेचे चेहरे ताणले जातात. जवळचा चेहरा पहिल्यांदा हाकेनंतर, आणि तोही बहिणीचा.

वेग सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० सेकंद ठेव. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइटचं लुकलुकणं टळतं. स्वस्त एलईडी बल्ब तरीही दगा देतात. आदल्या दिवशी घरातला प्रत्येक दिवा लावून मिनिटभर चित्रित करून बघ आणि ज्याच्या पट्ट्या दिसतील तो बदल.

असे लघुपट चित्रापेक्षा आवाजावर जास्त पडतात, कारण यात शांतताच बोलते. पंखा आणि फ्रिज बंद. फ्रिज पुन्हा चालू करायचा राहतो आणि घरमालकाचं दूध नासतं, म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवून दे. कॉलर माइक पदराला कधीही लावू नकोस; सुती साडीला खळ असेल तर प्रत्येक श्वासाला कागद चुरगळल्यासारखा आवाज येतो. ब्लाउजच्या काठाला आतून लाव, आणि मंगळसूत्र त्यावर आपटत नाही ना ते बघ. बूम माइक, म्हणजे लांब काठीवरचा, डोक्यापासून दीड-दोन फुटांवर, चौकटीच्या अगदी वरच्या कडेला. सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघ. प्रत्येक खोलीची, आणि ओसरीची वेगळी, मिनिटभर नुसती शांतता ध्वनिमुद्रित कर. सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहायचं. ती नसेल तर संकलनात शांततेच्या जागी पोकळी येते आणि प्रेक्षकाला वाटतं यंत्र बिघडलं.

पहिलं संकलन १६-१७ मिनिटांचं होईल. घाबरू नकोस, पण कापताना शांत जागा कापू नकोस; लोक आधी त्याच कापतात. संवादांची शेपटं काप. बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यावर राहा. ‘आक्का, डबा राहिला’ हे वाक्य बहिणीच्या पाठीवर ऐकू येऊ दे, भावाच्या चेहऱ्यावर नाही. त्यानंतर ती वळेपर्यंत सहा ते आठ सेकंद थांब. तिथे संगीत नको. बासरी तर नकोच. लांब उभ्या एस.टी.चं इंजिन पुरे.

उपशीर्षकांत ‘आक्का’, ‘ताई’, ‘आत्या’ तसेच ठेव, भाषांतर करू नकोस. तिन्हींचं एकच इंग्रजी झालं तर परभाषिक प्रेक्षकाचा शेवट हरवतो. पोराने आपल्या मोठ्या बहिणीला ‘ताई’ म्हटल्याचा एक साधा क्षण पहिल्या दोन मिनिटांत घातलास, तर नात्याच्या हाका म्हणजे काय ते त्या प्रेक्षकालाही उमगेल. महोत्सवांचे नियम प्रत्येकाचे वेगळे. ऑस्करसाठी लघुपट श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंत चालतो, १९९० पासूनचा मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव (मिफ्फ) हाही लघुपटांना जागा देतो. पण कार्यक्रमपत्रिकेत १२ मिनिटं बसवणं २८ मिनिटांपेक्षा कितीतरी सोपं असतं.

कच्चं संकलन झालं की कथा माहीत नसलेल्या तीन माणसांना दाखव. आवडलं का, असं विचारू नकोस. दोनच प्रश्न: हे का बोलत नाहीत, आणि ते तुम्हाला केव्हा कळलं? उत्तर तिसऱ्या मिनिटाच्या पुढे गेलं, तर भांड्यांचा पहिला प्रवेश पुन्हा बांध.

नवा खर्डा पाठवण्याआधी संगणकावर ‘आक्का’ हा शब्द शोध. संवादांत एकदाच सापडला पाहिजे.

सस्नेह