बंगळूरु विरुद्ध केरळा ब्लास्टर्स सामन्यात छेत्रीचा तो गोल वैध होता का?

नियमाने पाहिलं तर वैध.

३ मार्च २०२३, कांतीरवा स्टेडियम, आयएसएलचा (इंडियन सुपर लीग, भारतातली फुटबॉल लीग) बाद फेरीचा सामना. ९० मिनिटं ०-० आणि जादा वेळेत ९६व्या मिनिटाला, केरळाची भिंत (चेंडूसमोर उभी राहणारी बचावपटूंची रांग) लागायच्या आत, बंगळूरुच्या सुनील छेत्रीने फ्री किक थेट जाळ्यात टाकली.

फ्री किकसाठी दर वेळी शिट्टी लागतेच असं नाही. चेंडूपासून ९.१५ मीटर लांब राहणं हा बचाव करणाऱ्यांवरचा नियम आहे. ते अंतर नको असेल तर मारणारा चेंडू स्थिर ठेवून लगेच मारू शकतो. मात्र त्याने 'अंतर द्या' म्हटलं किंवा पंच स्वतः भिंत मागे सरकवायला लागले, की शिट्टीशिवाय चेंडूला पाय लावता येत नाही. सगळा वाद इथेच आहे. केरळाच्या मते पंचांनी किक आपल्या ताब्यात घेतली होती. छेत्रीच्या म्हणण्यानुसार, शिट्टी आणि भिंत दोन्ही नकोत असं त्याने पंचांना आधीच सांगितलं होतं.

खरी चूक बचावाची. गोलरक्षक भिंत लावत असताना कुणीतरी चेंडूसमोर उभं राहायलाच हवं. मुद्दाम अडवलं तर पिवळं कार्ड मिळतं, पण अशा वेळी ते परवडतं.

गोलच्या निषेधार्थ केरळाच्या संघाने मैदान सोडणं तर त्याहून महागात पडलं: भारतीय फुटबॉल महासंघाने क्लबला ४ कोटींचा दंड केला आणि प्रशिक्षक वुकोमानोविच यांच्यावर १० सामन्यांची बंदी घातली. लीगमध्ये व्हीएआर (व्हिडिओ पाहून निर्णय तपासणारे पंच) नव्हतं, त्यामुळे पंचांचा निर्णय जागच्या जागी तपासायची सोयच नव्हती.