लेस पॉल टाइप गिटारला व्हिंटेज पद्धतीचे हंबकर टाकायचेत, कोणते घेऊ?

तुम्ही लिहिलंय की दोन हंबकरची (म्हणजे तारांचा कंप विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या दोन कॉइलच्या पिकअपची) लेस पॉल टाइप, गिब्सनच्या त्या मॉडेलसारखी, गिटार आहे, घरी छोट्या ट्यूब अँपवर ब्लूज आणि जुनं रॉक वाजवता, नेक पिकअप (गिटारीच्या मानेजवळचा) गढूळ वाटतो आणि दुकानदार म्हणतोय की जास्त किलोओमचा पिकअप घ्या, दणकून वाजेल. हा सल्ला ऐकू नका. तुम्हाला जो आवाज हवाय तो कमी आउटपुटच्या पिकअपचाच आहे, आणि जास्त वाइंडिंगचा पिकअप टाकलात तर नेक अजून गढूळ होईल.

व्हिंटेज हंबकर म्हणजे सगळे ज्याला पीएएफ म्हणतात तो पिकअप, तो गिब्सनच्या सेठ लव्हरने बनवला, पेटंटचा अर्ज १९५५ चा, लेस पॉलवर तो आला १९५७ मध्ये. खाली ‘पेटंट अप्लाइड फॉर’ असा छोटा स्टिकर असायचा म्हणून ते नाव पडलं, आणि पेटंट १९५९ ला मिळालं तरी स्टिकर पुढे साधारण १९६२ पर्यंत चिकटवतच राहिले. आत काय होतं तर ४२ गेजची साधी इनॅमलची तार, मॅग्नेट अल्निको (अ‍ॅल्युमिनियम-निकल-कोबाल्टचा मिश्रधातू) २, ३, ४, ५ पैकी जो हाताशी असेल तो, आणि वेढे मोजून मशीन आपोआप थांबवायची सोय तेव्हा धड नव्हती, त्यामुळे दोन कॉइलमध्ये कमी-जास्त तार भरली जायची. म्हणून जुने पीएएफ मीटरला लावले तर कुठे साडेसात तर कुठे नऊ किलोओमच्या आसपास दाखवतात. ‘अस्सल पीएएफ टोन’ असा एकच टोन नाहीये, जाहिरातीत कोणी तसं म्हणत असेल तर तिकडे लक्ष देऊ नका. पण एक गोष्ट सगळ्यांत आहे, कॉर्ड वाजवली की प्रत्येक तार वेगळी ऐकू येते, आणि दोन कॉइल असमान असल्या की वरचं ट्रेबल थोडं जास्त शिल्लक राहतं. मला ते फार आवडतं.

किलोओमचा आकडा आउटपुटचा नसतो, तारेच्या रेझिस्टन्सचा असतो. बारीक ४३ गेजची तार वापरली तर तेवढ्याच वेढ्यांत आकडा वाढतो. आणि तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे २० डिग्रीला ८ किलोओमचा पिकअप मे महिन्यात ३५ डिग्रीच्या खोलीत साडेआठच्या जवळ दिसेल, पिकअप तोच आणि आवाजही तोच. त्यामुळे ७.८ आणि ८.१ मध्ये कुठला घेऊ यात डोकं घालू नका.

त्यापेक्षा मॅग्नेट बघा. अल्निको ५ जास्त ताकदीचा, बेस घट्ट, पिकचा ठोका स्पष्ट. अल्निको २ मऊ, मधले सूर पुढे येतात, जोरात वाजवलं की आवाज जरासा दबतो आणि ब्लूजला तेच गोड लागतं. तुमच्या जागी मी असतो तर नेकला सेमोर डंकन कंपनीचा सेठ लव्हर मॉडेल घेतला असता, अल्निको २, मेण न भरलेला, नेकमध्ये कमालीचा मोकळा वाजतो. ब्रिजला (तारा टेकतात त्या टोकाच्या पिकअपसाठी) त्याचाच जोडीदार, किंवा थोडी धार हवी असेल तर त्यांचाच ‘५९’ नावाचा मॉडेल, त्यात अल्निको ५ आहे. गिब्सनच्याच वाटेने जायचं तर ५७ क्लासिक, त्यात दोन्ही कॉइल समान असतात, आणि बर्स्टबकर, त्यात मुद्दाम असमान ठेवलेल्या असतात.

मेणाचं काय ते नीट समजून घ्या. कॉइलची तार थरथरू नये म्हणून पिकअपमध्ये मेण भरतात. मेण न भरलेला पिकअप जास्त गेनवर (अँपमध्ये सिग्नल खूप वाढवला की) आणि अँपच्या अगदी जवळ उभं राहिलं तर शिट्टी मारतो. घरात कमी गेनवर वाजवणार असाल तर काही त्रास नाही, पण बँडबरोबर मोठ्या आवाजात डिस्टॉर्शन लावणार असाल तर मेण भरलेलाच घ्या.

आता पैसे खर्च करायच्या आधी एक संध्याकाळ काढा. नेक पिकअप खाली उतरवा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पोलपीस (पिकअपवर प्रत्येक तारेखाली असलेला लोखंडी खिळा किंवा स्क्रू) आणि तारेत अडीच-तीन मिलिमीटर अंतर ठेवा, मग बेसच्या (जाड तारांच्या) बाजूचा स्क्रू अजून थोडा खाली आणि पोलपीसचे स्क्रू किंचित वर. गढूळपणा यानेच बराच जातो. मागचं झाकण उघडून पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे पोटेन्शियोमीटर) किती किलोओमचे आहेत तेही बघा, काही गिटारींत हंबकरला ५०० ऐवजी २५० किंवा ३०० चे बसवलेले असतात आणि वरचं ट्रेबल तिथेच मरतं. एवढं करून समाधान झालं तर पिकअपचे पैसे वाचले.

तरी घ्यायचेच असतील तर ऑर्डरच्या आधी ब्रिजजवळ पहिल्या आणि सहाव्या तारेतलं अंतर मोजा. गिब्सन पद्धतीच्या पिकअपचं स्पेसिंग साधारण ४९-५० मिलिमीटर असतं, तुमच्या गिटारीचं ५२ च्या आसपास असेल तर ब्रिजला रुंद स्पेसिंगचाच मागवा. कव्हर निकल सिल्व्हरचं आहे ना ते विचारा, जाड पितळी कव्हर ट्रेबल खातं. आणि पॉट बदलणार असाल तर भोकाचा व्यास तपासा, बऱ्याच आशियाई गिटारींना ८ मिलिमीटरचं भोक असतं आणि अमेरिकन पॉटला साडेनऊच्या आसपास लागतं, मग रीमरने मोठं करत बसावं लागतं.

एकच पिकअप बदलत असाल तर फेज (दोन्ही पिकअपचे सिग्नल एकाच दिशेचे आहेत का ते) तपासल्याशिवाय सोल्डर करू नका. काट्याचा मल्टिमीटर पिकअपच्या दोन वायरींना लावा, पेचकसाचं लोखंडी टोक पोलपीसवर टेकवून झटकन उचला आणि काटा कुठे हलतो ते बघा. दुसऱ्या पिकअपलाही मीटरच्या वायरी तशाच लावून काटा त्याच दिशेला गेला तर ठीक, उलटा गेला तर पिकअप निवडायचा स्विच मधल्या पोझिशनला असताना दोन्ही मिळून आवाज पातळ, नाकातून येतो. ब्रिटिश ब्लूज गिटारिस्ट पीटर ग्रीनच्या लेस पॉलचा तो प्रसिद्ध आवाज नेकचा मॅग्नेट उलटा बसल्यामुळेच होता, म्हणजे कोणाला तो हवाही असतो, पण तो ठरवून यावा. व्हिंटेज पद्धतीची जाळीची एकच वायर असेल तर फेज उलटवायला मॅग्नेट फिरवावा लागतो, चार वायरींचा असेल तर नुसत्या वायरींची अदलाबदल पुरते. फक्त रंग कंपनीगणिक बदलतात, डंकनमध्ये काळी हॉट (सिग्नलची) आणि दिमार्झिओत लाल.

शेवटी तुम्ही विचारलंय की नवीन हंबकरने घरातली गुणगुण जाईल का. कॉइलमध्ये शिरणारी ५० हर्ट्झची गुणगुण हंबकर आताही मारतोच आहे, ते दोन कॉइलचं कामच आहे. तारांना हात लावल्यावर कमी होणारी चरचर वेगळी, ती बहुतेक पोकळीतलं शील्डिंग नसल्याने, जवळच्या एलईडी दिव्याने किंवा घरातल्या अर्थिंगने येते. जुन्या बिल्डिंगमध्ये सॉकेटची तिसरी पिन कुठे जोडलेलीच नसते, इलेक्ट्रिशियनला बोलावून ते आधी तपासून घ्या. आणि गुणगुण कमी होते म्हणून अँपच्या प्लगची अर्थची पिन कोणी काढायला सांगितली तर अजिबात काढू नका, ट्यूब अँपमध्ये जिवावर बेतेल एवढं व्होल्टेज असतं.