बाळाचा बाप्तिस्मा आत्ता की मोठेपणी?

ताई,

मी इंदूरची, वय 29. आम्ही मूळ नगरचे. पणजोबा मिशनच्या शाळेत मास्तर म्हणून इथे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, चर्चमध्ये हिंदी. चर्च सीएनआयचं, म्हणजे उत्तर भारतीय चर्चचं. मी तान्ही असतानाच माझा बाप्तिस्मा झाला, पंधराव्या वर्षी दृढीकरण, म्हणजे मंडळीसमोर स्वतः विश्वासाची कबुली. नवराही मराठी ख्रिस्तीच, पण त्याच्या घरचे ज्या मंडळीत जातात तिथे लहान बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत. त्याने एकोणिसाव्या वर्षी चर्चमागच्या हौदात बुडून घेतला. लग्न ठरताना यावर कोणीच काही बोललं नाही.

आता मुलगा सहा महिन्यांचा झालाय आणि रोज तोच विषय. बाबा म्हणतात, नाताळच्या आत बाप्तिस्मा झालाच पाहिजे. ज्या झबल्यात आजोबांचा, बाबांचा आणि माझा झाला ते त्यांनी धुऊन इस्त्री करून ठेवलंय. बाळ जन्मल्यावर काही दिवस काचेच्या पेटीत होतं. तेव्हापासून आजीच्या मनात एकच, बाप्तिस्म्याआधी काही झालं असतं तर? सासूबाई म्हणतात, पाणी शिंपडून कोणी ख्रिस्ती होत नसतं, मोठा झाला की त्याचं तो ठरवेल. त्यांच्या पाळकांनी तर मला चारचौघांत सांगितलं की तुझाही बाप्तिस्मा झालेलाच नाही, आधी तू घे. नवरा म्हणतो, 'तुम्ही ठरवा, मला काहीही चालेल.'

शेजारच्या काकू विचारतात, 'तुम्ही मराठी ना, मग कन्व्हर्ट कधी झालात?' आणि घरात ऐकते की मी ख्रिस्तीच नाही. मी कोण आहे ताई? आणि माझं बाळ कोण?

एक आई, इंदूर

बाळ,

आधी त्या पाळकांचं बोलणं घेते. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्याच वाक्यापाशी थांबले. ती जखम ओली आहे तोवर बाळाचा विचार तुला शांतपणे करता येणार नाही.

तुझा बाप्तिस्मा झालेला आहे. पाणी होतं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने तो दिला गेला, आणि पंधराव्या वर्षी मंडळीसमोर उभी राहून तू स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केलास. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, लुथरन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, म्हणजे जगातले बहुतेक ख्रिस्ती याच वाटेने आले आहेत. जागतिक चर्च परिषदेच्या एका आयोगाने 1982 मध्ये लिमा इथे एक दस्तऐवज मान्य केला. त्यात स्पष्ट म्हटलंय की बाप्तिस्मा पुन्हा करायची गोष्ट नाही, आणि पुनर्बाप्तिस्मा वाटेल असं काही कोणी करू नये. तेव्हा उद्या घरात शांतता राहावी एवढ्यासाठी तू हौदात उतरू नकोस. तुझ्या मनाने कधी तसा कौल दिला तर ती वेगळी गोष्ट. पण चारचौघांत लाज वाटली म्हणून घेतलेला बाप्तिस्मा तर त्या पाळकांच्याच शिकवणीत बसत नाही, कारण ते स्वखुशीने धरलेल्या विश्वासावर जोर देतात.

आता सासूबाईंची बाजू. त्यांना हट्टी समजू नकोस. नव्या करारात बाळाला बाप्तिस्मा दिल्याचा एकही उघड प्रसंग नाही. त्यातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात लुदिया आणि तिचं घराणं, मग तुरुंगाचा नायक आणि त्याच्या घरचे सगळे बाप्तिस्मा घेतात. त्या घरांत तान्ही मुलं असतील असं आपण म्हणतो, पण ते लिहिलेलं नाही. 1525 मध्ये झुरिकला काही माणसांनी मोठेपणी नव्याने बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यातल्या फेलिक्स मांट्झला दोन वर्षांनी लिम्माट नदीत बुडवून मारलं, आणि ही शिक्षा दुसऱ्या ख्रिस्ती लोकांनी दिली. ज्या श्रद्धेसाठी लोकांनी जीव दिला तिला सहज झटकून टाकता येत नाही. मराठी नवा करार 1811 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरहून छापून आणणारा विल्यम कॅरी बॅप्टिस्टच होता, म्हणजे मोठेपणीचाच बाप्तिस्मा मानणारा. बाळपणी त्याचा अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेला होता, आणि तरी 1783 मध्ये त्याने नदीत उतरून पुन्हा घेतला. तुझ्या बाबांचं बायबल ज्या परंपरेतून आलं तिच्या उगमाशीच सासूबाईंच्या विचाराचा माणूस बसलेला आहे.

मला स्वतःला बालबाप्तिस्मा फार प्रिय आहे, ते लपवत नाही. ज्याला अजून मानही धरता येत नाही, ज्याच्याकडे द्यायला काही नाही, त्याला देव आधी आपला म्हणतो आणि विश्वास नंतर फुटतो, हा क्रम मला खरा वाटतो. 'बालकांना माझ्याजवळ येऊ द्या' हे येशू रागावून बोलला होता, आणि ते शिष्यांवर रागावून. पण माझ्या आवडीवर तुझ्या बाळाचा निर्णय होऊ नये.

तुझ्या बाबांना एक आठवण करून दे. आपल्या दोघींना आज ज्यावरून रात्रभर झोप लागत नाही, त्यावर त्यांच्याच चर्चने आधी विचार करून ठेवला आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारतीय चर्च, म्हणजे तुमचं सीएनआय, तयार झालं. त्यात अँग्लिकन होते, इंदूरला 1877 पासून काम करणाऱ्या कॅनडियन प्रेस्बिटेरियनांचा वारसा सांगणारे होते, आणि बॅप्टिस्ट आणि ब्रदरनही होते, ज्यांना तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा मान्य नव्हता. वाटाघाटी चाळीस वर्षं चालल्या. शेवटी दोन्ही वाटा चर्चच्या घटनेतच घेतल्या. बाळाला बाप्तिस्मा द्या आणि मोठेपणी दृढीकरण करा, किंवा आत्ता बाळाचं समर्पण करा, म्हणजे पाण्याविना त्याला देवाच्या हाती सोपवा, आणि समज आल्यावर तो स्वतः बाप्तिस्मा घेईल. एक खरी आणि दुसरी नाइलाजाची, असं तिथे नाही. म्हणजे समर्पण केलंत तर बाबांचं चर्च सोडल्यासारखं होत नाही.

आजीची भीती मात्र वादाने जाणार नाही, तिच्याशी जवळ बसून बोलावं लागेल. पेटीतलं बाळ काचेतून बघितलेल्या बाईला शास्त्रार्थ नको असतो. तरी तिला दोन गोष्टी सांग, कारण त्यांनी तिला खरोखर धीर येईल. प्रेस्बिटेरियन लोकांचा जुना वेस्टमिन्स्टर विश्वासनामा 1646 चा आहे. बाप्तिस्म्याकडे दुर्लक्ष करणं मोठं पाप आहे, हे तो सांगतोच. पण त्याच ओळीत पुढे असंही म्हणतो की तारण बाप्तिस्म्याला असं जखडलेलं नाही की त्याच्याविना कोणी तरूच नये. आणि बालबाप्तिस्म्याचा सगळ्यात जास्त आग्रह धरणाऱ्या कॅथलिक चर्चच्या धर्मशास्त्र आयोगानेही 2007 मध्ये मांडलं की बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहे. त्या दिवसांत काही झालं असतं तरी तुझं बाळ देवाच्या हाताबाहेर गेलं नसतं. हे आजीला तू सांग, पाळकांकडून निरोप नको.

आता खरा प्रश्न, तुझा नवरा. 'मला काहीही चालेल' हे ऐकायला समजूतदार वाटतं, पण त्यामुळे सगळं ओझं तुझ्या डोक्यावर येतं आणि तो दोन्ही घरांत चांगला राहतो. त्याला ओरडू नकोस. बाळ झोपल्यावर, टीव्ही बंद करून, एवढंच विचार: 'हा अठरा वर्षांचा झाला, तुझ्या आईच्या मंडळीत जाऊ लागला, आणि तिथे त्याला म्हणाले की तुझा बाप्तिस्मा झालेला नाही, पुन्हा घे, तर तू त्याच्या बाजूने काय बोलशील?'

त्याने लगेच सांगितलं की 'झालाय म्हणून सांगेन, आम्ही दोघांनी दिलाय', तर झबलं काढा आणि नाताळच्या आत बाप्तिस्मा करा. तो अडखळला, खाली बघू लागला, तर समज की त्याच्या मनात आईचीच शिकवण खरी आहे आणि तुला दुखवायचं नाही म्हणून तो गप्प आहे. अशा वेळी मी समर्पण सांगेन. आज दिलेल्या बाप्तिस्म्यावर उद्या बापच ठाम राहणार नसेल, तर आज तुला जे ऐकावं लागलं ते उद्या त्या पोराला ऐकावं लागेल. समर्पणाने कुठलंही दार बंद होत नाही. पाणी नसतं, पण आई-बाप मंडळीसमोर वचन देतात, मंडळीही देते, पाळक बाळाला हातात घेऊन आशीर्वाद देतात. सासरच्या मंडळीतही बाळांचं समर्पण करतातच, तेव्हा सासूबाईंना त्यात परकं काही वाटणार नाही. बाळाला झबलं तेच घाला. त्यासाठी पाणीच हवं असं कुठे लिहिलेलं नाही.

मात्र समर्पण करायचं तर एक अट घाल, आणि ती नवऱ्याने आपल्या आईला सांगायची: यापुढे माझ्या बायकोच्या बाप्तिस्म्यावर या घरात कोणी बोलायचं नाही.

यात आजी-आजोबांचं प्रेम असू दे, पण आई-बाप म्हणून अखेरचा शब्द तुमचा दोघांचा. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा दोन वर्षांच्या मनोरमेलाही दिला. पुढे मुलीला धर्म कसा शिकवायचा यावरून तिथल्या मठातल्या भगिनींशी त्यांचा पत्रांतून मोठा वाद झाला. ज्यांनी आसरा दिला त्यांनाही रमाबाईंनी तो हक्क दिला नाही.

शेजारच्या काकूंना रागाने उत्तर देऊ नकोस. 'आम्ही पणजोबांच्या आधीपासून ख्रिस्ती' एवढं पुरे. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ताला अभंगात आणलं. मराठीपण आणि ख्रिस्तीपण एका घरात नांदतात हे तुझ्या घराइतकं कोणाला माहीत? याच टिळकांनी 1917 मध्ये 'देवाचा दरबार' उभारला, आणि ख्रिस्ताच्या मागे चालणाऱ्यांना, मग बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, तिथे एकत्र बसवलं. तेव्हा समर्पणाची वाट धरलीत तर तुझं बाळ मधल्या वर्षांत कोणीच नाही असं मनात आणू नकोस. ते ख्रिस्ती घरात वाढणारं, प्रार्थनेत नाव असलेलं मूल आहे. हल्ली 'कन्व्हर्ट' हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो, तेही समजतं. पण आई-बाप दोघं ख्रिस्ती असताना आपल्या बाळाचा बाप्तिस्मा करणं हे धर्मांतर नव्हे. मध्य प्रदेशचा 2021 चा कायदा एका धर्मातून दुसऱ्या धर्मात जाण्याबद्दल आहे.

कागदपत्रांचं थोडं बघून ठेव. जन्माचा दाखला महापालिका देते, त्याचा बाप्तिस्म्याशी संबंध नाही. मिशनच्या शाळेत ख्रिस्ती म्हणून प्रवेश घेताना मात्र बहुधा बाप्तिस्म्याचा दाखला किंवा चर्चचं पत्र मागतात. समर्पण ठरलं तर मंडळीच्या नोंदवहीत बाळाचं नाव घालून घे, पाळकांकडून तसं पत्र घे, आणि ज्या शाळेचा विचार आहे तिथे ते चालतं का हे आत्ताच विचार.

आणि निर्णय काहीही होवो, तो बाबांना सांगायला तू एकटी माहेरी जाऊ नकोस. नवऱ्याने सोबत यावं आणि पहिलं वाक्य त्याने बोलावं.

तुझी ताई