पालुपद कापू नकोस

अगं, तुझा मेसेज रात्री साडेअकराला वाचला आणि मग झोपच येईना, म्हणून सकाळी चहाच्या आधी लिहायला बसले. तुझ्या मुलांच्या पुस्तकाचे प्रकाशक म्हणतात, भोपळ्याच्या गोष्टीत तेच तेच तीनदा येतं, एकदाच ठेवा आणि पुढे "असंच बाकीच्या प्राण्यांनाही सांगितलं" असं लिहा. आणि तू विचारतेस, काकू, त्यांचंही बरोबर असेल का?

नाही. पालुपद कापायचं नाही.

म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत कोल्हा भेटतो, वाघ भेटतो, प्रत्येकजण म्हणतो तुला खातो, आणि ती प्रत्येकाला तेच सांगते, लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होऊन येईन, मग मला खा. पहिल्यांदा मूल ऐकतं. दुसऱ्यांदा ओठ हलवतं. तिसऱ्यांदा तुझ्या आधी तेच म्हणतं, आणि त्या क्षणाला गोष्ट तुझी राहत नाही, त्याची होते. मग परतीच्या वाटेवर भोपळ्यातून आवाज येतो, म्हातारी कोतारी मला नाही ठाऊक, चल रे भोपळ्या टुणूक टुणूक, तेव्हा सगळी पोरं एका सुरात ओरडतात. "असंच बाकीच्यांनाही सांगितलं" या वाक्यावर कोण ओरडेल सांग बरं?

चिऊ-काऊचंही तेच. शेणाचं घर पावसात वाहून गेलंय, कावळा बाहेर कुडकुडतोय, चिऊताई चिऊताई दार उघड, आणि ती म्हणते थांब माझ्या बाळाला अंघोळ घालू दे, थांब टीट लावू दे, थांब झोपवू दे. दार उघडत नाही हीच तर गोष्ट आहे! तू पहिल्याच हाकेला दार उघडलंस तर उरतं काय, एक भिजलेला कावळा.

हे मी इतक्या चिडून का लिहितेय तेही सांगते. तीसेक वर्षांपूर्वी मी स्वतः हे केलंय. सोळा पानांचा एक फॉर्म, म्हणजे छपाईचा एक मोठा कागद, त्यात चार गोष्टी बसवायच्या, चित्रांना जागा हवी, मग मी काय कापलं असेल, पालुपदंच. तेव्हा मला पैशांची गरज होती, घरी दोन लहान मुलं, आणि आपल्याला कोणीतरी छापतंय हाच आनंद मोठा होता, त्यामुळे आजही मी त्या वेळच्या मला फार दोष देत नाही. पण पुस्तक आल्यावर एका शाळेत वाचायला गेले, दुसरी-तिसरीची पोरं, आणि वर्ग शांत. शहाण्यासारखी बसून ऐकली त्यांनी माझी गोष्ट. तीच गोष्ट माझी आई ओसरीवर सांगायची तेव्हा शेजारची पोरं उड्या मारायची. आई त्या वेळी हयात होती, आणि छापायच्या आधी मी तिला एकदाही वाचून दाखवली नव्हती. हे मला अजून लागतं.

1868 साली मेरी फ्रेअर या गोऱ्या बाईने, मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीने, दख्खनच्या गोष्टी इंग्रजीत छापल्या. त्या तिला सांगितल्या तिच्या आयाने, अ‍ॅना लिबराटा डिसूझाने. त्या बाईने लिहिलेलं आयाला परत वाचून दाखवलं, बारकावे नीट आलेत का म्हणून, आणि आयाचं नाव आणि तिची हकीकतही पुस्तकात सुरुवातीलाच दिली. गव्हर्नरच्या मुलीला जे सुचलं ते मला माझ्या आईच्या बाबतीत सुचलं नाही. तू तुझ्या आजीला विचारलंस का? तिचा वाघ म्हणतो "कुठी चालली वं बुढे?", आणि तू लिहिलंस "आजीबाई, आपण कुठे निघालात?" अगं, वाघ असं बोलतो होय!

वाघ "खातो" म्हणतो म्हणून मुलं घाबरतील, हे त्यांचं म्हणणं मला पटत नाही. घाबरतातच, आणि मांडीवर सरकून बसतात, आणि म्हणूनच टुणूक टुणूकला हसतात. शेवटी "यावरून आपण काय शिकलो" ही चौकट तर मुळीच नको. आपल्या कहाण्यांचा शेवट बघ ना, ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. म्हणजे तिथेही पालुपदच!

त्यांना सांग की दोन पानं जास्त लागतील. नाहीच म्हणाले तर एक गोष्ट अख्खी कमी कर, चारऐवजी तीन दे, पण ज्या देशील त्या पूर्ण दे. मला तेव्हा एवढं म्हणायचा धीर झाला नाही, तुला होईल असं वाटतं म्हणूनच रागावतेय तुझ्यावर.

रविवारी अकोल्याला जाणारच आहेस तर फोनवर रेकॉर्डिंग लाव आणि आजीला सांगू दे, मधे बोलू नकोस. ती थांबेल, खोकेल, ओळ विसरेल, सगळं राहू दे. मग घरी येऊन कापलेल्या ओळी परत घाल आणि मला पाठव, मी नातवाला वाचून दाखवते.

तुझी,
काकू