तळघरातल्या खोलीत डोळे दुखतात, लाइट कसे लावू?

प्रश्न : बेसमेंटमधल्या खोलीत मी भरतकाम करते, छोटी मॉडेल्स रंगवते. छताला मधोमध एकच ट्यूब आहे. तासाभरात डोळे चुरचुरतात आणि रंग वर उजेडात नेऊन बघितला की वेगळाच निघतो. अजून मोठी ट्यूब लावू का?

उत्तर : नको, मोठी ट्यूब अजिबात नको! अडचण उजेड कमी असण्याची तेवढी नाहीये, तो एकाच जागेवरून येतो ही आहे, तुम्ही टेबलाशी वाकलात की तुमच्याच डोक्याची सावली कामावर पडते, मग बल्ब कितीही मोठा असो. छत ठेंगणं असेल तर चपटे एलईडी पॅनल दोन-तीन ठिकाणी वाटून लावा, शक्यतो दुधी कव्हरवाले. आणि टेबलावर वाकवता येणारा दिवा हवाच, उजव्या हाताने काम करत असाल तर तो डावीकडे ठेवा म्हणजे हाताची सावली सुईवर येत नाही.

रंगांचं म्हणाल तर दिव्याच्या खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) बघा, ९० च्या वर असलेलाच घ्या, तुमच्या कामाला हे वॅटपेक्षा महत्त्वाचं आहे, खरंच. कामाच्या दिव्याला ४००० ते ५००० केल्विन (उजेड पिवळसर की पांढरा हे सांगणारा आकडा) ठीक, बसायच्या कोपऱ्यात २७०० चा पिवळसर लावा, तिथे पांढरा उजेड फार रुक्ष वाटतो. फक्त टेबलाचा दिवा लावून बाकी खोली काळोखात ठेवू नका हं, उजेड-अंधार असं सारखं बघून डोळे लवकर थकतात. भिंती फिकट रंगवल्यात तर निम्मं काम तिथेच होतं.