टॅटू काढलेल्या माणसांबद्दल तुमचं खरं मत काय? बहिणीसाठी आलेल्या स्थळाच्या दोन्ही हातांवर टॅटू आहेत आणि घरचे "असली पोरं नकोत" म्हणतायत.

आधी उत्तर देऊन टाकतो, म्हणजे नंतर भरकटलो तरी चालेल. टॅटूवरून पोरगा कळत नाही. कामाला कुठं आहे, डोक्यावर कर्ज किती, आईशी कसा बोलतो, पगार झाला की पहिल्या दोन दिवसांत कुठं दिसतो, हे बघा. हातावरच्या चित्राचं नंतर. फक्त एक प्रश्न त्याला नक्की विचारा: हे तू तुझ्या मनानं काढलंस, की कुणी काढायला लावलं?

हाच प्रश्न का, ते सांगतो.

माझ्या उजव्या दंडावर 'आई' असा टॅटू होता. आता तिथं पांढुरका डाग आहे. आणि तो 'आई' असाही नव्हता, 'आइ' असा होता. ऱ्हस्व. ते पुढं येतंच.

२०१४ चा जानेवारी. कराड तालुक्यात पाल म्हणून गाव आहे, तिथं पौषात खंडोबा-म्हाळसाचं लग्न लागतं. तारळीच्या पात्रापासून देवळापर्यंत माणूस मावत नाही, भंडाऱ्यानं कपडे, केस, दात सगळं पिवळं. मी अकरावीत होतो. मामा मला मोटरसायकलवर घेऊन गेला होता. आमचा मामा म्हणजे आईपेक्षा लहान, तेव्हा तेहेतीस वर्षांचा, गाववाल्यांच्या भाषेत खमका. बाह्या कायम कोपराच्या वर, कारण हाताच्या आतल्या बाजूला 'जय मल्हार' गोंदलेलं आणि ते दिसलं पाहिजे.

देवदर्शन झाल्यावर खेळण्यांच्या दुकानांच्या शेवटी गोंदणाऱ्यांची रांग. पोत्यावर बसलेला माणूस, समोर बॅटरी, हातात घुंई घुंई करणारं मशीन, मागं पुठ्ठ्यावर नमुने: त्रिशूळ, महादेव, विंचू, गुलाब, बाण घुसलेला बदाम. शाई बाटलीच्या टोपणात. गिऱ्हाईक उठलं की सुई फडक्यानं पुसायची आणि पुढच्याला लावायची. अक्षराला वीस रुपये.

मामा म्हणाला, "घे काढून." मी म्हटलं, "मला भरतीला जायचंय." तो म्हणाला, "आरं मग तर काढच. मिल्ट्रीतल्या परत्येकाच्या अंगावर गोंदल्यालं असतंय. आपल्या हवालदार आण्णांच्या न्हाई का?"

हे खरं होतं. आमच्या भावकीतल्या रिटायर हवालदारांच्या हातावर त्यांचं नाव होतं. मामाला नाव आठवत होतं, ते कुठल्या जागी होतं ते आठवत नव्हतं. मला 'जय मल्हार' पाहिजे होतं. मामानं मनात हिशोब केला, शंभराची नोट मोडायची नव्हती, आणि म्हणाला, "आईपेक्षा मोठं दैवत कुठलं? आई काढ." दोन अक्षरं, चाळीस रुपये. जागा पण त्यानंच सांगितली: "दंडावर काढा, पैलवानासारखं दिसंल."

घरी आलो. सहावीतली बहीण बघून म्हणाली, "दादा, ई ला वरचा रफार न्हाई." रात्रभर मी आरशात बघत होतो, पण आरशात उलटं दिसतं, त्यामुळं काही ठरेना. सकाळी आईनं बघितलं. "मी अजून जित्ती हाय न्हवं?" एवढंच बोलली आणि चार दिवस अबोला. मामाशी नाही, माझ्याशी.

आजीची गोष्ट वेगळी. तिच्या हनुवटीवर तीन ठिपके, दोन्ही हातांवर मनगटापासून वर तुळशीवृंदावन आणि सीतेची पावलं. तिनं माझा दंड हातात धरून कापड पारखावं तसा पारखला आणि विचारलं, "सुया किती हुत्या?" म्हटलं, एक. "एका सुईचं ऱ्हात न्हाई. आमच्या येळंला तीन सुया दोऱ्यानं एकत्र बांधायची गोंदणारीण. दिव्याची काजळी, आन् मजुरी मापटंभर जुंधळं." मेल्यावर अंगावरचं सोनं काढून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, असंही वर ऐकवलं. माझं काही बरोबर येणार नाही, लवकरच फिकं पडेल, हा तिचा अंदाज. पुढं दोन वर्षं मी तो अंदाज खरा व्हायची वाट बघत होतो.

आता भरती. २०१६ च्या शेवटी मी एकोणीस वर्षांचा. वर्षभर पहाटे चारला उठून पळत होतो. सोळाशे मीटर म्हणजे चारशेच्या चार फेऱ्या, साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर पहिला गट, साठ मार्क. दहा बीम, म्हणजे दांड्याला लटकून अंग वर खेचायचं, मारले तर चाळीस. मी पाच मिनिटं अठ्ठावीस सेकंदांत आलो आणि दहा बीम मारले. म्हणजे शंभरपैकी शंभर. नऊ फुटी खड्ड्यावरून उडी आणि झिगझॅग दांडीवरून तोल सांभाळत चालणं, दोन्ही झाले. हा परिच्छेद नीट वाचा, कारण आमच्या नातेवाइकांत याबद्दल वेगळंच सांगितलं जातं.

मग उंची-छाती मोजायला शर्ट काढला. टेप धरलेल्या हवालदारानं दंड बघितला. "ये क्या है?" म्हटलं, "आई, सर." त्यानं विचारलं, "टॅटू का नियम पढा था?" म्हटलं, "नहीं सर." त्यानं हातानं बाजूच्या रांगेकडं खूण केली. रागावला नाही, हसला नाही. दिवसभरात अशी कितीतरी पोरं त्यानं बाजूला केली असणार.

नियम असा की कायमचा टॅटू चालतो तो हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, किंवा तळहाताच्या मागच्या बाजूला. बाकी अंगावर कुठंही नाही. ज्या आदिवासी जमातींत गोंदायची रीतच आहे त्यांच्यासाठी वेगळी सवलत आहे, ती मला लागू नव्हती. हवालदार आण्णांचं नाव आतल्या बाजूला होतं. मामाचं 'जय मल्हार' पण आतल्या बाजूला. तोच 'आइ' कोपराच्या खाली वितभर सरकवला असता तर ऱ्हस्व-दीर्घ कुणी विचारलं नसतं. माझ्या मागच्या पोराच्या हातावर आतल्या बाजूला एका मुलीचं नाव होतं. तो पुढं गेला.

त्या दिवशी आम्ही बाद झालेले सात-आठजण मैदानाच्या कडेला बसलो होतो. एकाच्या छातीवर महादेव, एकाच्या मानेवर विंचू. वाया गेलेलं त्यात कुणीच नव्हतं. सगळे वर्षभर चारला उठणारे. म्हणून "टॅटूवाली पोरं असली असतात" असं कुणी म्हणालं की मला ती रांग आठवते.

घालवायचा प्रयत्न केला. पहिला प्रयत्न गावठी: चुना आणि पापडखार, चामखिळीला लावतात तसं. कातडं भाजलं, अक्षर तसंच. हे करू नका, कुणी कितीही छातीठोकपणे सांगू दे. मग चाकणला एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत लागलो आणि पैसे साठवून लेझर सुरू केलं. डॉक्टरांनी समजावलं की लेझरनं शाईचे कण फुटतात आणि ते वाहून न्यायचं काम शरीराच्या पेशी हळूहळू करतात, म्हणून दोन बैठकांत सहा ते आठ आठवडे सोडावे लागतात. घाई केली तर कातडी खराब. काळी शाई त्यातल्या त्यात सोपी, हिरवी-पिवळी अवघड. मी विचारलं, माझी हिरवी दिसते, मग? ते म्हणाले, ती काळीच आहे, कातडीच्या खाली खोल गेली की वरून निळी-हिरवी भासते. आजीचं हिरवं गोंदण म्हणजे दिव्याची काजळीच की. पाच बैठका झाल्या. पुढची भरती मधेच येऊन गेली, तेव्हा अक्षरं अर्धी शिल्लक होती. त्यानंतर वयाची एकवीस संपली, म्हणजे भरतीचं वयच गेलं. चाळीस रुपयांचं काम काढायला साडेबारा हजार गेले आणि वर हा डाग.

हां, टॅटू म्हणजे गुंडगिरी ही समजूत. तुमच्या घरच्यांना एक सांगा. इंग्रजांनी १७९७ पासून बंगालकडं जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदवायला सुरुवात केली होती, १८४९ ला ते बंद झालं. म्हणजे गुन्हेगारानं टॅटू काढला नव्हता, सरकारनं त्याच्यावर काढला होता. आणि छत्तीसगडात रामनामी लोक आहेत. ज्यांना देवळात येऊ देत नव्हते, त्यांनी अंगभर राम गोंदून घेतला, काहींनी तर कपाळावर आणि पापण्यांवर. त्यांना "असली माणसं" म्हणायची कुणाची हिंमत आहे? आपल्याकडं गोंदण म्हटलं की संस्कृती आणि टॅटू म्हटलं की पोरगं बिघडलं, हा शब्दांचा खेळ मला कळत नाही. सुई तीच, कातडी तीच. फरक एवढाच की एकाला मापटंभर ज्वारी लागायची आणि दुसऱ्याला आठ-दहा हजार.

तरी सगळे टॅटू मला आवडतात असंही नाही. हातभर सिंह, घड्याळ, होकायंत्र, वर इंग्रजीत सुविचार, हे एकाच कॅटलॉगातून सगळ्यांनी काढलेलं बघितलं की कंटाळा येतो. मुलीचं नाव काढणाऱ्याला मी थोडा मूर्ख समजतो. स्थळाच्या हातावर दुसऱ्या मुलीचं नाव असेल तर तुमच्या बहिणीला सरळ विचारू द्या, मध्ये तुम्ही नको. आणि चेहरा-मानेवर काढलेला असेल तर नोकरीच्या ठिकाणी त्रास होतो हे खरं आहे, ते बरोबर नसलं तरी.

काळजीची गोष्ट खरी असेल तर ती सुईची आहे, स्वभावाची नाही. यात्रेत, बीचवर, कुठंही एकाच सुईनं काढलेला टॅटू असेल तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी. बी ला लस आहे, सी ला नाही. मी माझी उशिरा, चाकणला आल्यावर केली आणि रिपोर्ट येईपर्यंत जेवण गेलं नाही. तपासणी मागायचीच तर दोन्हीकडून मागा, एकट्या पोराला अपमान वाटेल असं करू नका. नवीन टॅटू असेल तर वर्षभर रक्तदान पण घेत नाहीत. आमच्या कंपनीच्या शिबिरात एकाला परत पाठवलं तेव्हा तो भांडत होता, भांडू नये. आणि कुणी भरतीची तयारी करणारा हे वाचत असेल तर आधी जाहिरातीतला टॅटूचा नियम वाच. निमलष्करी दलांत तर आणखी बारकावा आहे, तिथं हाताची आतली बाजू चालते पण डावी, कारण सलाम उजव्यानं करायचा असतो.

आता मामा. गेली कितीतरी वर्षं लग्नात, बारशात, तेराव्याला मामा सांगत आलाय, "त्याला पळता आलं न्हाई, दमला, टॅटूचं आपलं निमित्त." का सांगतो ते मला कळतं. टॅटूमुळं गेलं असं म्हटलं तर पुढचा प्रश्न येतो की काढायला कुणी लावला. एकदा वैतागून मी चारचौघांत चाळीस रुपयांचा विषय काढला, तर म्हणाला, "मी काय तुझं हात बांधलं हुतं?" यावर मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. खरं म्हणजे बांधले नव्हते. मशीन लागलं तेव्हा मी नको म्हटलं नाही, उलट दंड फुगवून धरला होता. सोळाव्या वर्षी मामा म्हणाला पैलवान दिसशील, तर कोण नको म्हणतं. पण पळण्याचं मी ऐकून घेणार नाही. माझ्या त्याच बॅचमध्ये आमच्या आळीतला मित्र माझ्या मागं चौथा आला होता, तो आज फौजेत आहे, सुट्टीवर आला की विचारा त्याला.

मामाच्या पोराला यंदा अठरा पूर्ण झाली. अग्निवीरची तयारी करतोय, पहाटे मामा स्वतः स्टॉपवॉच घेऊन रस्त्याला उभा असतो. या वर्षी पालला आम्ही सगळे गेलो होतो. देवळातून बाहेर पडल्यावर पोरगं खेळण्यांच्या रांगेनं पुढं निघालं, तर मामानं त्याला दंडाला धरून मागं ओढलं आणि थेट गाडीकडं चालवलं. माझ्याकडं बघितलं नाही.

मामा, हे तुझ्यापर्यंत कुणीतरी पोचवेलच. पाच मिनिटं अठ्ठावीस सेकंद.